जुन्या गाडीच्या पोटातले तेल

गाडी घ्यायची म्हटली की घरात प्रत्येकाचे मत विचारले जाते. रंग कोणता, हप्ता किती, नंबर चांगला आहे का, इथपर्यंत चर्चा रंगते. इंजिनात ऑइल कोणते घालायचे हे मात्र दुकानाच्या काउंटरवर, घाईत, कुणीतरी एकटाच ठरवतो, आणि पुष्कळदा तो गाडीचा मालकही नसतो. नव्या गाडीत हे खपून जाते. पावणेदोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत खपत नाही. भगिनींनी हे पान गाड्यांचे म्हणून उलटू नये. आमच्या घरात या विषयाची वही भाभी ठेवतात आणि त्यांच्याइतका चोख हिशेब आम्हा दोघा भावांना जमत नाही.

आमच्याकडे छोटा हत्ती आहे. टाटांनी ही गाडी २००५ मध्ये बाजारात आणली तेव्हा तिला ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, सोळा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. आमची त्याच जातीची. सोलापूर शहरातून पुणे रस्त्याने बाळे, केगाव, पाकणी करत चिंचोळी एमआयडीसी, आणि परत. कधी सुताचे कोन, कधी पुठ्ठ्याचे बॉक्स, कधी यंत्रांचे सुटे भाग. या एका गाडीवर दोन चुली पेटतात आणि धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची फी निघते. तेव्हा तिच्या पोटात काय जाते, हा आमच्यासाठी शौकाचा विषय नाही.

ती आम्ही एका व्यापाऱ्याकडून घेतली तेव्हा मीटरवर १,७४,००० होते. दुपारी दाखवली, इंजिन आधीच गरम, आवाज मऊ, धूर नावाला नाही. पहिल्यांदा ऑइल बदलायला चेंबरचा नट सोडला, तेव्हा जे बाहेर आले त्याला तेल म्हणावे की काकवी, असा प्रश्न पडला. पुस्तिकेप्रमाणे १५डब्ल्यू-४० घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला आणि अंगणात निळा धूर पसरला. आठवडाभरात गेजपट्टीवरची खूण बोटभर खाली आली.

एमआयडीसीच्या फाटकाबाहेर गाड्या रांगेत उभ्या असतात, तिथे सल्ला फुकट मिळतो. "गाढा डालो, धुआँ बंद, आवाज बंद," हे आम्ही एका दिवसात तिघांकडून ऐकले. म्हणजे २०डब्ल्यू-५० घाला आणि वर घट्ट औषधाचा एक डबा ओता. खर्च काहीशे रुपये आणि गाडी तासाभरात कामावर. हप्ता तोंडावर असताना असला सल्ला फार गोड लागतो. आमच्या उस्तादांनी मात्र एकच सवाल केला: तेल जाते कुठे, ते आधी सांगा.

इथे डब्यावरच्या आकड्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण हे आकडे घोकणारे पुष्कळ आणि उलगडून सांगणारे थोडे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा तेल थंडीत किती चटकन हलते ते सांगतो. तो जितका लहान तितके तेल सकाळी लवकर वर पोचते. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे वीस अंशांवर घेतात. सोलापुरात डिसेंबरातही तशी पाळी येत नाही, म्हणून ०डब्ल्यूच्या महागड्या डब्याची आमच्या जुन्या डिझेलला गरज नाही. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. शंभर अंशांवर ४० नंबरचे तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक इतके दाट असते, ५० नंबरचे १६.३ ते २१.९. म्हणजे ४० हा एक ठिपका नसून पट्टा आहे. एका कंपनीचे ४० पट्ट्याच्या खालच्या टोकाला, दुसरीचे वरच्या टोकाला असू शकते. थोडेसे दाट हवे असेल तर नंबर न बदलताही ते मिळते. कंपनीच्या माहितीपत्रकात शंभर अंशांवरचा आकडा छापलेला असतो.

आता उस्तादांचा सवाल. तेल जाण्याच्या वाटा तीनच: गळते, जळते किंवा पाण्यात मिसळते. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी तो कोरडा निघाला. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नव्हता, ऑइलच्या टोपीखाली दुधाळ फेस नव्हता. राहिले जळणे. त्यातही दोन प्रकार. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर टाकून मग गप्प बसायचे, तर बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचे रबर कडक झालेले असते. भरल्या गाडीने चढावर सतत धूर टाकायचा आणि टोपी उघडल्यावर आतून फसफस वारा यायचा, ज्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा झिजल्या. आमची पहिल्या जातीची निघाली. कॉम्प्रेशन मोजले, दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आले. दोन दिवस गाडी उभी राहिली, सील बदलले, आणि ऑइल तेच राहिले, १५डब्ल्यू-४०.

रिंगा खरोखर झिजल्या असत्या आणि इंजिन बांधायला पैसे नसते, तर ५० नंबर वापरून वर्षभर ओढणे यात आम्हाला काही गैर वाटले नसते. सोलापूरचा उन्हाळा पारा चाळिशीपार नेतो, तिथे भरल्या गाडीला एक पायरी दाट तेल चालून जाते. पण ती निकड झाली, इलाज नव्हे. फार दाट तेल सकाळी अरुंद वाटांतून वर चढायला वेळ लावते, आणि इंजिनाची पुष्कळशी झीज त्याच पहिल्या क्षणांत होते.

गंमत अशी की ज्या एमआयडीसीत आम्ही माल पोचवतो, तिथेच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या सोलापूरच्या कंपनीचा कारखाना आहे. तिथले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींतही जातात. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याची उंच टोके ज्या जागी घासतात तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ आणि दाब सर्वांत जास्त. तो पातळ थर फाटला तर धातू वाचतो तो तेलात मिसळलेल्या जस्त आणि फॉस्फरसच्या संयुगामुळे. नव्या पेट्रोल मोटारींच्या पातळ तेलांत हे प्रमाण मुद्दाम कमी ठेवतात, कारण फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. म्हणून सर्वांत नवे आणि सर्वांत महाग तेल जुन्या गाडीला सर्वांत चांगले असेलच असे नाही. डब्यावर एस अक्षराने सुरू होणारी खूण पेट्रोलची, सी ची डिझेलची. आमच्यासारख्या जुन्या डिझेलला सीआय-४ उत्तम. मात्र २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत हाच डबा ओतू नये. त्याची राख धूर गाळणारी जाळी तुंबवते. शेजाऱ्याने दिलेला उरलेला डबा घेण्याआधी एवढे पाहावे.

"हाय मायलेज" असे लिहिलेले डबेही हल्ली दिसतात. हा प्रकार व्हॅल्व्होलिनने अमेरिकेत २००० साली आणला. त्यात कडक झालेल्या रबराला जरा फुगवून मऊ करणारे द्रव्य असते. किरकोळ पाझर असेल तर उपयोग होतो. फाटलेले सील त्याने शिवले जात नाही आणि झिजलेली रिंग भरून येत नाही.

आणि मायलेज तरी कोणते? जुन्या बाजारात मीटर मागे फिरवलेले असू शकते, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय कंपनीच्या फाटकावर पावती होईपर्यंत आमचे इंजिन चालूच राहायचे. मीटर हलत नसे, तेल मात्र म्हातारे होत असे. आता उभ्या गाडीचे इंजिन बंद असते, आणि पुस्तिकेने सांगितलेल्या अंतराच्या थोडे आधीच आम्ही ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. चांगले तेल फार दिवस ठेवण्यापेक्षा साधे पण अस्सल तेल वेळेवर बदललेले बरे, असे आमचे मत झाले आहे. अस्सल हा शब्द महत्त्वाचा. सुटे तेल घेत नाही, आणि रिकामा कॅन भोक पाडल्याशिवाय भंगारात देत नाही. तोच कॅन भरून पुन्हा दुकानात येतो.

जळके तेल घरी आणून दारांना, वाशांना लावायची दादींच्या काळातली रीत अम्मींनी बंद केली. ते कातडीला वाईट, नालीत ओतले तर पाण्याला वाईट. गॅरेजवाल्याच्या पिंपातच ते टाकावे. हाताला चिकटलेला काळा थर वुजूआधी निघायला हवा, म्हणून आमचा धाकटा डिझेलने हात धुवायचा. आता लाकडाचा भुसा आणि साबण ठेवला आहे.

भाभींच्या वहीत दर जुम्म्याला तीन गोष्टी लिहिल्या जातात: मीटर, गेजपट्टीची खूण, वरून किती तेल घातले. गेजपट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहायची. सील बदलण्याआधी हजार किलोमीटरला अर्धा लिटरच्या वर घालावे लागत होते; नंतर पाव लिटरही नाही. मध्यंतरी आकडा पुन्हा चढला तेव्हा धूर दिसण्याआधी वहीनेच सांगितले. टर्पेंटाइनसारखा वास मारणारा एक स्वस्त डबा होता. तो बदलताच आकडा उतरला.

आता मीटर २,३१,००० वर आहे आणि मोहोळकडच्या एका भाजीवाल्याने गाडीला मागणी घातली आहे. एका नातलगाने प्रेमाने सुचवले: दाखवायच्या आदल्या दिवशी ५० नंबर घाला, दहा-पंधरा हजार जास्त येतील. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते; अब्बांनी ती सांगितलीही नाही, नुसते त्या नातलगाकडे पाहिले. इंजिनाचा आवाज आता पूर्वीइतका मऊ राहिलेला नाही आणि भरल्या गाडीला कोंडीच्या पुढे हलका धूर असतो. ते आम्ही त्या माणसाला फोनवर सांगितले. तो जरा थांबला, मग म्हणाला, वही बघायला मिळेल का? सौदा अजून ठरलेला नाही. रविवारी फजरनंतर, गाडी थंड असतानाच या, असा निरोप दिला आहे.