धावून आलेला माणूस

रात्री अकरा वाजून गेले की पुण्यातल्या कुठल्याही रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात नात्यांच्या हाका ऐकू येतात. "मावशी, भांडं देता का?" "मामा, जरा उठवून बसवा ना." "सिस्टर, सलाईन संपत आलंय." ही मावशी कुणाच्या आईची बहीण नसते आणि मामाही कुणाच्या आजोळचा नसतो. दिवसाचे बारा तास परक्यांची अंथरुणे बदलणाऱ्या या माणसांना मराठी रुग्णाने कधीच आजोळची नाती देऊन टाकली आहेत. डिस्चार्जची पिशवी भरताना घरचे लोक त्यांच्याबद्दलच सांगतात, "त्या रात्री देवासारखी धावून आली हो!"

"देवासारखा धावून आला" हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्याचा अर्थ पाहायचा राहून जातो. उपशामक उपचारांच्या कामात मी ते गेली अनेक वर्षे ऐकते आहे. जो आजार पूर्ण बरा होणार नाही, त्यातल्या वेदना उतरवायच्या आणि माणसाचे उरलेले दिवस सुसह्य करायचे, हे आमचे काम. रुग्णांनी ज्यांना देव म्हटले त्यांची मी मनात यादी करत गेले. तिसऱ्या मजल्यावरून आजोबांना खुर्चीत बसवून खाली आणणारा रिक्षावाला. अकरा दिवस न चुकता मऊ भात आणि मेतकुटाचा डबा पाठवणारी वरच्या मजल्यावरची शेजारीण. रात्री तीनला ओली चादर बदलून "असू दे, होतं असं" एवढेच म्हणणारी मावशी. यांतल्या कुणीही आजार बरा केला नव्हता. पण सगळे वेळेवर आले, शरीराच्या अगदी जवळ आले आणि जवळ येताना त्यांनी नाक मुरडले नाही. देवाची ही व्याख्या रुग्णांनी अंथरुणावर पडून केली आहे आणि मला ती खरी वाटते.

या शहरात या व्याख्येला जुना आधार आहे.

जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ईश्वराला ते 'निर्मीक' म्हणत. निर्मीक आणि माणूस यांच्यामध्ये कुणी दलाल नको, यासाठी त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला होता. त्याच विचारांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांनी या आजारपणात डाव्या हाताने लिहून पुरे केले. त्यांचे मित्र आणि सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले त्यांच्यावर उपचार करत होते. शुश्रूषा पत्नी सावित्रीबाईंची होती. पक्षाघाताच्या रुग्णाजवळ चार दिवस राहिलेल्या कुणालाही कळेल की अशा माणसाच्या लिहिण्यामागे काय काय असते. पाठीला उशी लावून बसवावे लागते. लुळा हात अंगाखाली सापडू नये म्हणून पाहावे लागते. घास एका गालात साचून राहतो, तो बोटाने काढावा लागतो. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले आणि पुढच्या वर्षी पुस्तक छापून निघाले. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हे सांगणारा तो ग्रंथ अशा सेवेच्या आधाराने पूर्ण झाला आहे.

त्यानंतर सहा वर्षांनी प्लेग आला. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात साथ भडकली. लोक आजाऱ्यांना लपवू लागले. गाठ आलेल्या माणसाला कुणी हात लावेना. ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. हा यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. फुले दांपत्याने त्या बाईला जीव देण्यापासून परावृत्त केले, आपल्या घरी तिचे बाळंतपण केले आणि ते मूल दत्तक घेतले. एका निराधार बाईला वेळेवर दिलेला आसरा अशा रीतीने वीसेक वर्षांनी प्लेगच्या दवाखान्यात डॉक्टर होऊन उभा राहिला.

मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत आहे. मी मात्र तिच्याकडे एक परिचारिका म्हणून पाहते. तापाने फणफणलेले मूल पाठीवर घेतले की त्याचे डोके आपल्या खांद्यावर पडते आणि त्याचा श्वास आपल्या मानेला लागतो. ज्या जातीच्या सावलीचाही विटाळ मानत, त्या जातीच्या घरातला तो मुलगा होता. एकाच कृतीत विटाळ आणि साथ ही दोन्ही भये ओलांडली गेली.

पुणे स्टेशनजवळचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १८६७ मध्ये सुरू झाले. तिथली एक खोली आजही जपून ठेवली आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याचे कैदी मोहनदास गांधी यांना अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे आणले गेले. विश्वासातले डॉक्टर मुंबईहून येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारविरुद्ध गांधींचा लढा होता त्याच सरकारचे सर्जन. श्रीनिवास शास्त्रींच्या उपस्थितीत गांधींनी संमतीपत्रावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळी पावसात वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. कैदी आणि सरकार हे नाते तेवढ्या वेळापुरते टेबलाबाहेर राहिले. त्या रात्रीची आठवण निघते तेव्हा कर्नलचे नाव निघते. मला मात्र कंदील धरलेला हात आठवतो. टाके पूर्ण होईपर्यंत तो हलू न देणे हीसुद्धा शुश्रूषाच असते.

पुढे १९३२ मध्ये गांधी पुन्हा येरवड्यात असताना संस्कृत पंडित परचुरे शास्त्री त्याच तुरुंगात होते. त्यांना कुष्ठरोग होता. काही वर्षांनी ते सेवाग्रामला आले, तेव्हा गांधी स्वतः त्यांच्या जखमा धूत आणि त्यांच्या अंगाला तेल लावत. लोक ज्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते, त्या माणसाच्या अंगाला रोज दुसऱ्या माणसाचा हात लागत होता.

आधुनिक वैद्यकाला ही गोष्ट नव्याने शिकावी लागली. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. त्यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. दुखणे हाडाचे असते, तसे ते मुलीच्या लग्नाचे, थकलेल्या भाड्याचे आणि "माझ्याच वाट्याला हे का" या प्रश्नाचेही असते. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांवर विनामूल्य उपचार करते आणि तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूसही राहते. तोंडावाटे घ्यायची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी नियमाने दिली, तर रात्रभर कण्हणारा माणूस झोपतो. तो झोपला की महिनाभर जागलेली बायकोही झोपते. आम्ही ज्याला गुण आला म्हणतो, तो असा दोन अंथरुणांवर दिसतो.

एक प्रसंग सांगते. पेठेतल्या एका वाड्यात साठीच्या आजी होत्या. आयुष्यभर मिश्री लावली होती. गालाचा कर्करोग बाहेर फुटला होता. जखमेला असा वास येई की मुलाने त्यांची खाट मागच्या खोलीत नेली आणि नातवंडे उंबऱ्यावरूनच बोलत. आजींना दुखण्यापेक्षा हे जास्त लागले होते. त्या तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून झोपत. उशीखाली जोगेश्वरीचा अंगारा होता आणि दाराला कुणीतरी दिलेला ताईत बांधला होता. वासावर एक साधा इलाज असतो. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून तिच्यावर पसरायची. वास निर्माण करणारे जंतू त्याने मरतात. सुनेला हे शिकवले. चार-पाच दिवसांत वास बराच उतरला.

पुढच्या भेटीला गेले, तेव्हा समोरच्या खोलीतली शेजारीण खाटेवर आजींना टेकून बसली होती आणि त्यांचे केस विंचरत होती. कितीतरी दिवसांत वेणी घातली नव्हती, त्यामुळे गुंता झाला होता. ती खोबरेल लावून एकेक बट सोडवत होती. आजींनी डोळे मिटले होते. मला पाहून त्या अस्पष्ट उच्चारात म्हणाल्या, "आज कुणी तरी जवळ बसलंय." उशीखालचा अंगारा मी काढला नाही, कधीच काढत नाही. औषधाच्या पुडीला, अंगाऱ्याला आणि कंगव्याला त्या खाटेवर पुरेशी जागा होती.

काही आजार असे असतात की त्यांत कुणी डबा घेऊन येत नाही. व्यसन हा तसला आजार. १९८० च्या दशकात पुण्यात ब्राऊन शुगरने कितीतरी घरे पोखरली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. ते चालवणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ज्यांना घरच्यांनीही दार लावून घेतले होते, त्यांच्याशी त्या आजारी माणसाशी बोलावे तशा बोलत. तिथे बरे झालेल्यांपैकी अनेकजण पुढे तिथेच काम करू लागले. रात्री अंग कापत असताना शेजारी बसलेला कार्यकर्ता "मीही याच खाटेवर होतो" असे सांगतो, तेव्हा त्या शब्दांना वजन येते. पुढे अनिताताईंना कर्करोग झाला. आजारातही त्या काम करत राहिल्या आणि १९९७ मध्ये गेल्या.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट बोललीच पाहिजे. कुणाला देव म्हटले की त्याच्या पगाराचा विषय आपण बाजूला ठेवतो. ब्यूरोकडून आलेली मावशी बारा तास घरात असते. आजोबांचे लघवीचे भांडे तिने धुवायचे आणि चहा मात्र वेगळ्या कपात प्यायचा, असे मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिले आहे. तिची साप्ताहिक सुट्टी मागितली की चेहरे बदलतात. घरातल्या सुनेला तर सुट्टीच नसते. "फार करते हो" या एका वाक्यावर तिची दोन-तीन वर्षे जातात. करोनाच्या सुरुवातीला, ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यातल्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. पुढच्याच काही आठवड्यांत देशाने आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत अनेक शहरांतून परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या येत होत्या. रुग्णांच्या त्या व्याख्येत देव जवळ येऊन बसतो. मग त्याला आपण आपल्या जवळ बसू द्यायला हवे. त्याचे जेवण, त्याची झोप, त्याचा महिन्याचा पगार ही बोलणी त्या भक्तीचाच भाग आहेत. सुनेसाठी महिन्यातून दोन दिवस नणंदेने किंवा भाच्याने रात्रपाळी घ्यावी. असे ज्या घरात ठरते, तिथला रुग्णही निवांत असतो, कारण आपण कुणाला तरी थकवतो आहोत हे ओझे त्याच्या छातीवरून उतरते.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे मी कोथरूडमधल्या एका घरी होते. काका वर्षभर अंथरुणाला खिळलेले, बोलणे जवळजवळ थांबलेले. अभ्यंगस्नान कसे घालायचे, असा मुलाला प्रश्न पडला होता. मावशी म्हणाली, "घालू की, खाटेवरच." तिने खाली मेणकापड अंथरले. तीळतेल वाटीत कोमट केले. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग कोपरे. उटणे तिने दुधात अगदी पातळ कालवले होते, कारण इतक्या दिवसांनी कातडी कागदासारखी होते आणि चोळले तर सोलते. ते तिने नुसत्या तळव्याने टेकवत लावले आणि मऊ पंचाने पुसून घेतले. मुलगा तांब्या धरून उभा होता. बाहेर कुणाच्या तरी अंगणात पहिला फटाका वाजला, तेव्हा काकांच्या पापण्या हलल्या. मावशीने एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली घातला.

"काका, जरा या कुशीला वळा," ती म्हणाली. "पाठ राहिली आहे."