चेष्टा कुठं संपते?

शाळेत एखाद्या मुलाचा छळ चालू असतो आणि शिक्षकांच्या ते लक्षात येत नाही, असं का होत असेल? मला वाटतं, पहिलं कारण म्हणजे आपण त्याला छळ म्हणतच नाही. 'पोरं आहेत, चेष्टा करणारच', 'आज भांडतील, उद्या एका डब्यात जेवतील', असं म्हणून विषय संपवतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. म्हणूनच चेष्टा कुठं संपते आणि छळ कुठं सुरू होतो, हे शिक्षकाला ओळखता आलं पाहिजे.

मी उमरग्यात शिकलो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, कर्नाटकाच्या सीमेजवळचं हे तालुक्याचं गाव. घरी दखनी, शाळेत मराठी, बाजारात कानावर कन्नड, अशी आमची सवय. वर्गात टोपणनावं सगळ्यांनाच होती. कुणी लंबू, कुणी बटाट्या. माझं नाव होतं 'रझाकार'.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कासिम रझवीच्या रझाकारांनी इथल्या लोकांवर अत्याचार केले, हा इतिहास खरा आहे आणि तो शिकवलाच पाहिजे. पण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण सुरू झालं आणि 'रझाकार' हा शब्द आला, की सगळा वर्ग वळून माझ्याकडं बघायचा. एका सरांनी हजेरी घेताना एकदा मला त्याच नावानं हाक मारली. वर्ग हसला. सरांनीच म्हटलं म्हटल्यावर त्या नावावर जणू सरकारी शिक्का बसला.

बटाट्या आणि रझाकार, दोन्ही टोपणनावंच. मग फरक काय? बटाट्याला उलटून कुणालाही चिडवता येत होतं. मी उलटून काय म्हणणार होतो? शिवाय त्याचं नाव त्याच्या एकट्यापुरतं होतं, माझ्या नावात माझे अब्बा, दादा, अख्खा मोहल्ला येत होता.

हा फरक नीट मांडणारा माणूस पुढं वाचनात आला. डॅन ओल्व्हेस हे या विषयाचे मोठे अभ्यासक. नॉर्वेत १९८२ साली तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागं सोबत्यांचा छळ असावा, असं पुढं आलं. दुसऱ्या वर्षी तिथल्या सरकारनं देशभर मोहीम घेतली, त्यात ओल्व्हेस यांचं काम महत्त्वाचं होतं. छळ ओळखायच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या. दुखवायचा हेतू असतो, ते पुन्हा पुन्हा होतं आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. ही ताकद अंगाचीच असते असं नाही. संख्येची, जातीची, धर्माची, पैशाचीही असते.

वर्गात हे दिसतं कसं? एखादं मूल मधल्या सुट्टीत फळ्याजवळ किंवा शिक्षकांच्या खोलीच्या आसपास घुटमळतं. त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. वह्या, पेन वारंवार 'हरवतात'. ठरावीक वारीच पोट दुखतं. उत्तर येत असूनही हात वर होत नाही. आणि सर्वांत फसवी खूण म्हणजे ते मूल स्वतःही हसत असतं. मीही हसायचो. न हसलं तर जास्त चिडवतात, हे मुलं लवकर शिकतात.

वेळेवर न ओळखण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. जळगाव जिल्ह्यातली डॉ. पायल तडवी, तडवी भिल्ल मुस्लिम समाजातली मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिनं जीव दिला. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आपण आधीच तक्रार केली होती, असं तिच्या आईनं सांगितलं. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कायदा असला तरी ऐकून घेणारा माणूस लागतोच.

मला असा माणूस मिळाला. आमच्या एका गुरुजींनी मला वह्यांचा गठ्ठा आणायला लावून बाजूला बोलावलं आणि विचारलं. मी 'काही नाही' म्हणालो. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी बोललो. त्यांनी मला आणि त्या पोरांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावले नाहीत. भांडणात समेट चालतो, छळात नाही. तिथं दुबळा पोरगा सगळ्यांदेखत 'माफ केलं' म्हणतो आणि शाळा सुटल्यावर त्याची भरपाई देतो. गुरुजी त्या पोरांशी एकेकट्यानं बोलले. मारलं नाही, पण नाव बंद करायला ठामपणे सांगितलं. माझा बाक बदलला.

मग इतिहासाच्या तासाला त्यांनी शोएबुल्लाह खान यांची गोष्ट सांगितली. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक रझाकारांच्या विरोधात आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. हे सांगताना गुरुजींनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. इतिहासातलं काही लपवलं नाही, उलट अर्धवट सांगितला जात होता तो पुरा सांगितला.

हे फक्त इतरांना सुनवायचं नाही. आपल्या मोहल्ल्यातही तोतऱ्या पोराला, पिंजाऱ्याच्या किंवा फकिराच्या मुलाला नावं ठेवली जातात. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टिंगल करायला आणि वाईट नावानं हाक मारायला मनाई आहे. मदरशात आणि उर्दू शाळेत शिकवणाऱ्यांनाही ती तितकीच लागू आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना मारण्याबरोबरच त्यांच्या मानसिक छळालाही बंदी घातली आहे. प्रकरण शाळेच्या हाताबाहेर जात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण सुरुवात हजेरीपासून करता येईल. प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा आणि नीट उच्चारा. ते नाव ऐकून वर्गात कोण हसतं, तिकडं लक्ष ठेवा.