किती वेळ चालवून पाहावी

नवी मोटार घेण्याआधी ती किती वेळ चालवून पाहावी, या प्रश्नाचे शोरूममध्ये ठरलेले उत्तर पंधरा-वीस मिनिटे असे असते. गाडी दारात तयार उभी असते, आतला एसी आधीच लावलेला असतो, शेजारी शोरूमचा माणूस बसतो आणि चार-पाच किलोमीटरांचा वळसा घेऊन गाडी परत येते. एवढ्या वेळात क्लच हलका आहे, स्टिअरिंग हाताला बरे वाटते, समोरची काच मोठी आहे, इतके कळते. घरातल्या माणसांनी वर्षानुवर्षे साठवलेले पैसे आणि त्यावर पुढच्या पाच-सात वर्षांचे हप्ते ज्या वस्तूत गुंतणार, तिची पारख एवढ्यावर थांबते. हे फारसे कुणाला खटकत नाही, याचे नवल वाटते.

वैशाखरे गावातून पाहिले की ही फेरी किती तोकडी आहे ते ध्यानात येते. मुरबाड सोडल्यावर सरळगाव आणि टोकावडे मागे टाकून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. नाणेघाटाची वाट इथूनच वर चढते. इथे घेतलेल्या गाडीची कामे ठरलेली असतात. मुरबाडचा बाजार, तहसील कचेरी, आजारी माणसाला घेऊन कल्याण किंवा उल्हासनगर, सुगीत भाताची पोती, लग्नसराईत घाट चढून ओतूर-जुन्नरकडचे पाहुणे. त्या गाडीत एकटा माणूस सहसा बसत नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, भर दुपारी मारलेली फेरी या कामांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

कायद्याने ही वेळ कुठेही मिनिटांत बांधलेली नाही. विक्रेत्याला मिळणाऱ्या ट्रेड सर्टिफिकेटवर नोंदणी न झालेली गाडी कोणत्या कामांसाठी रस्त्यावर आणता येते, याची यादी 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 41व्या नियमाने दिली. गाडी घेऊ पाहणाऱ्यासाठीची ‘वाजवी’ चाचणी हे त्यातले एक काम. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 24वे कलम पसंतीच्या बोलीवर दिलेल्या मालाविषयी आहे. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा ठरलेली मुदत उलटून गेल्यावरही माल ठेवून घेतला, की तो त्याचा होतो. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरायचा. वाजवी काळ म्हणजे किती, हे त्या त्या प्रसंगाच्या वस्तुस्थितीवरून ठरवावे, असे 63वे कलम सांगते. नवी मोटार पसंतीच्या बोलीवर विकली जात नाही, हे खरे. तरीही पंधरा मिनिटांची चौकट दुकानाने घातलेली आहे आणि मागितल्यावर ती सैल होऊ शकते, एवढे यातून निश्चित होते.

पारखीला मुदत हवी, हा विचार या देशात फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात विकत घेतलेल्या मालाच्या परीक्षेचे दिवस दिले आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. त्याच यादीत दासदासींच्या परीक्षेची मुदतही आहे. माणसे विकली जात होती, याची ती नोंद वाचताना मन थबकते. वस्तू आणि जनावरांपुरते पाहिले तर या आकड्यांमागचा हिशेब स्वच्छ दिसतो. ज्या मालातला दोष उघडा पडायला जेवढा काळ लागतो, तेवढी त्याची मुदत. लोखंड घणाखाली गेले की त्याच दिवशी त्याची जात कळते. बियाणे रुजते की नाही, हे कळायला आठ-दहा दिवस जावे लागतात. गाईची कास विक्रीआधी दूध न काढता तुंबवून ठेवता येते, पण तीन दिवस धारा काढल्या की खरे दूध किती ते समोर येते. ओझ्याच्या जनावराला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण त्याला चालावे लागते, दमावे लागते, रात्री बसून सकाळी पुन्हा उठावे लागते. पायातली अधू शीर पहिल्या दिवशी लपून राहू शकते, चालीचे दिवस वाढले की राहत नाही.

कौटिल्याने अर्थशास्त्रात मोजमाप निराळे धरले. खरेदी रद्द करण्यासाठी व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुरे राखणाऱ्याला पाच. इथे मुदत मालावरून ठरत नाही, घेणाऱ्यावरून ठरते. ज्याची बाजारात रोज उठबस आहे त्याला कमी वेळ, ज्याची नाही त्याला जास्त. मोटारीच्या बाबतीत ही दोन्ही मोजमापे एकत्र धरावी लागतात. आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या घराला दहा गाड्या हाताळलेल्या माणसाहून अधिक वेळ लागणारच, आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

मालाची आणि ओझ्याच्या जनावरांची ही जुनी दुनिया वैशाखरेच्या डोक्यावर अजून दगडात उभी आहे. नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि हत्तींचे आकडे त्यात कोरले आहेत. माथ्यावर जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांतला माल जनावरांच्या पाठीवर लादून याच वाटेने जुन्नरकडे जाई. ओझ्याच्या जनावराची परीक्षा घ्यायला याहून नेमकी जागा सापडणे कठीण.

जनावर पारखायची ही रीत तालुक्यात आजही जिवंत आहे. मुरबाडजवळच्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला सुरू होणारी यात्रा बैलबाजारासाठी नावाजलेली आहे. बैल घ्यायला आलेला माणूस आधी लांबून चाल पाहतो. मग तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावरून वय कळते. खुरे पाहतो, खांद्यावर हात फिरवतो, बैल बसवून उठवतो, जमले तर जुंपून पाहतो. घरातला एखादा जाणता म्हातारा मुद्दाम बरोबर आणलेला असतो. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो आणि त्यानंतरच विसार दिला जातो. यात अर्धा दिवस गेला तरी कुणी घाई करत नाही, आणि कुणी करू पाहिली तर तिथेच संशय येतो. इतकी चिकित्सा करणारा हाच माणूस शोरूममध्ये खुर्चीवर अवघडून बसतो, दिलेला चहा पितो आणि दाखवली तेवढी गाडी पाहून सही करतो.

या संकोचाला इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके मोटार ही निवडून घ्यायची वस्तू नव्हती. नंबर लागला की मिळायची वस्तू होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमिअर पद्मिनी आणि बंगालमधून येणारी अँबॅसडर यांच्यासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तरी सुरुवातीला रांग होतीच. ज्या गाडीसाठी इतके थांबायचे, ती आल्यावर चालवून पाहून नको म्हणणार कोण? गाडी मिळाली हेच भाग्य, ही भावना त्या काळाची. रांगा संपल्या, शोरूममध्ये गाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहू लागल्या, पण भावना मागे उरली. गावात पहिली गाडी येते तेव्हा तर ती जास्तच जाणवते.

आता मोटारीतला कोणता दोष किती वेळाने दिसतो, हे पाहायला हवे.

बरेचसे गाडी उभी असतानाच कळते आणि त्याला वीस मिनिटे पुरतात. लुगडे नेसलेल्या आजीला मागच्या दारातून चढता येते का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरताना कशाला धरावे लागते, तिसरा माणूस मध्ये बसला की त्याचे पाय कुठे जातात, पन्नास किलोचे पोते डिकीत चढवायला किती उचलावे लागते. यासाठी ज्यांना गाडीत बसायचे आहे ती माणसे बरोबर हवीत. पैसे वडील देतात, चालवतो मुलगा किंवा सून, आणि पाहायला फक्त वडील जातात, असे पुष्कळदा घडते. जो जो चालवणार आहे त्याने लायसन घेऊन यावे आणि स्वतः चालवावी.

इंजिनाचे पहिले मिनिट महत्त्वाचे असते. ते थंड असताना सुरू होताना कसे वाजते, किती थरथरते, हे पाहायचे तर आदल्या दिवशी सांगून सकाळची पहिली फेरी घ्यावी. त्यानंतर इंजिन पुरते तापायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे शोरूमची नेहमीची फेरी संपते तेव्हा कुठे खरी परीक्षा सुरू होण्याची वेळ झालेली असते.

आसनाला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि याचा विचार सर्वांत कमी होतो. मऊ गादी पहिल्या पाच मिनिटांत फार आवडते. पाऊण तासाने तीच कंबरेखाली दबते आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. घट्ट वाटलेले आसन तेव्हा आधार देऊ लागते. वैशाखरेहून कल्याण गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो, तेव्हा पाऊण तासाआधी आसनाबद्दल मत बनवणे घाईचे होईल.

घाटाला पर्याय नाही. मोरोशीच्या पुढे माळशेजची चढण लागते. चार-पाच माणसे बसवून, एसी लावून, ट्रकच्या मागे अडकून, तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते की धापा टाकते, हे इथेच दिसते. छोट्या टर्बो इंजिनांत फेरे कमी झाले की जोर एकदम पडतो आणि पहिला गिअर टाकावा लागतो; सपाट रस्त्यावर हे कधीच कळत नाही. चढावर थांबून हँडब्रेकवरून पुन्हा निघून पाहावे, क्लचचा जळका वास येतो का ते पाहावे. 2014 मध्ये मारुती सेलेरिओबरोबर भारतात स्वस्त ऑटोमॅटिकचा जो प्रकार आला, त्यात गिअर यंत्र बदलते, पण बदलताना क्षणभर ओढ सुटते. शहरात तो क्षण चालून जातो. घाटातल्या वळणावर तो आपल्याला चालेल का, हे ज्याचे त्याने ठरवायचे. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर धरून पाहावी. सारखा ब्रेक दाबावा लागत असेल आणि खाली येईपर्यंत पायाखालचा ब्रेक मऊ पडत असेल, तर ते लक्षात घ्यावे. विजेवरच्या गाडीत पायथ्याला चार्ज किती होता, माथ्यावर किती उरला आणि उतरताना किती परत आला, हे तीन आकडे लिहून घेतले की निम्मे प्रश्न सुटतात.

गावाकडचा कच्चा रस्ता आणि गतिरोधक भरलेल्या गाडीनेच पाहावेत. माहितीपत्रकातला जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. शहापूरकडे वारंवार जाणाऱ्याने किन्हवलीच्या बाजूने मुंबई-नाशिक महामार्गावर निघून, ट्रक ओलांडताना गाडी किती चपळाईने पुढे जाते, तेही पाहावे.

दिव्यांसाठी अंधार हवा. त्यामुळे एक छोटी फेरी संध्याकाळची असावी. जमल्यास ती पावसातली असावी, कारण माळशेजच्या धुक्यात काच किती लवकर स्वच्छ होते, हे उन्हाळ्यात कोणीही दाखवू शकत नाही.

हिशेब केला तर उभ्या गाडीला वीस मिनिटे, घाटासकट एक सलग फेरी दोन-अडीच तासांची आणि संध्याकाळची अर्ध्या तासाची, असा काळ होतो. या दोन फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या बऱ्या. मधल्या रात्री पहिला मोह उतरतो. शोरूम एवढी मोकळीक देईलच असे नाही. अनेक विक्रेते गाडी घरी आणून दाखवतात. त्यांना पत्ता वैशाखरेचा द्यावा, म्हणजे रस्ता आपोआप खरा मिळतो. तेही जमले नाही तर त्याच मॉडेलची गाडी दिवसभर भाड्याने घ्यावी, किंवा ती ज्याच्याकडे आहे अशा ओळखीच्या माणसाबरोबर घाट चढून यावा. लाखोंच्या खरेदीपुढे एक दिवसाचे भाडे काहीच नाही. अमेरिकेत 2009 साली जनरल मोटर्सने नवी गाडी न आवडल्यास 60 दिवसांच्या आत परत घेण्याची योजना जाहीर केली होती. स्मृतिकारांच्या मुदतीच्या जवळ जाणारी अशी सोय इथे नव्या गाडीला सहसा मिळत नाही, म्हणून सगळी पारख विसार देण्याआधी उरकावी लागते.

जुन्या गाडीची परीक्षा याहून कडक. बघायला गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर इंजिन आधीच चालवून ठेवले आहे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज ऐकू द्यायचा नाही, असा अर्थ होऊ शकतो. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर इंधन गरजेपेक्षा जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा राहिला तर पाणी आत शिरते आहे. माहितीतला मेकॅनिक बरोबर असावा, जसा म्हशाच्या बाजारात जाणता म्हातारा असतो. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे पाहून मगच नाव बदलण्याच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या घ्याव्यात.

नव्या गाडीच्या बाबतीत शेवटची एक गोष्ट उरते. जी चालवून पाहिली ती शोरूमची डेमो गाडी असते. घरी येणारी गाडी दुसरीच. म्हणून नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन आपली गाडी प्रत्यक्ष पाहावी. चासिस नंबर बिलाशी जुळवावा, बनवल्याचा महिना आणि वर्ष पाहावे, मीटरवरचे किलोमीटर पाहावेत, टायरवरची तारीख वाचावी, स्टेपनी आणि जॅक काढून बघावा, दिवसाउजेडी रंगावर हात फिरवावा आणि यार्डातल्या यार्डात का होईना, ती एकदा पुढेमागे चालवून घ्यावी.