शेनान्डोआ : या वेळी बेत आखून

गेल्या ऑक्टोबरात आम्ही ओल्ड रॅगवरून अंधारात उतरलो. चौघांत मिळून एका फोनचा उजेड, पाण्याच्या बाटल्या दुपारीच रिकाम्या, आणि नऊ वर्षांचे चिरंजीव दर दहा मिनिटांनी विचारताहेत, "बाबा, अस्वलं रात्री जागी असतात का?" शेनान्डोआत काळी अस्वलं आहेत हे त्याला आम्हीच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

चूक सर्वस्वी आमची. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात डोंगर म्हणजे सिंहगड. उठावं, निघावं, वाटेत ताक प्यावं, वर पिठलं-भाकरी खावी. ओल्ड रॅगची उंची 3,284 फूट, म्हणजे सिंहगडापेक्षाही कमी! तेव्हा आरामात पोहे खाऊन घरून निघालो आणि अकराच्या पुढे चढायला लागलो. पण हा फेरा नऊ मैलांहून मोठा, चढ दोन हजार फुटांच्या वर, आणि माथ्याजवळ प्रचंड शिळा. तिथं हातापायांनी चढत, फटींतून अंग चोरत जावं लागतं. अरुंद जागी रांग लागते. त्यात आमचा तास गेला. वर ना ताक, ना पाणी. कामावर प्रत्येक गोष्टीत फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवणारे आम्ही, पण त्या दिवशी वेळ अजिबात हाताशी ठेवला नव्हता. त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, एवढंसुद्धा पाहिलं नाही. मुलं रडली नाहीत हे त्यांचे उपकार.

यंदा पुण्याहून आजी आली आहे. वय 72, एक गुडघा कुरकुरणारा, पण साठीपर्यंत दर महिन्याला सिंहगड चढलेली. गेल्या वर्षीची हकिगत फोनवर ऐकल्यापासून तिनं धरून ठेवलंय, "तुमच्या त्या ओल्ड रॅगला मी येणार." तिला नाही कसं म्हणायचं, यावर घरात तीन रात्री खलबतं झाली. लिंबरलॉस्ट ही सव्वा मैलाची, सपाट केलेली, बाकं ठेवलेली वाट सुचवली तर म्हणाली, "बाकावर बसायला आम्हाला सारसबाग आहे की!"

शेवटी नकाशा पसरला आणि एक गंमत ध्यानात आली. पार्कातलं सर्वांत उंच शिखर ओल्ड रॅग नव्हेच. ते हॉक्सबिल, 4,051 फूट. आणि त्याची वाट सोपी! कारण डोंगराच्या कण्यावरून जाणारा 105 मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह गाडीलाच बरंच वर नेऊन ठेवतो. मैल उत्तरेला फ्रंट रॉयलपासून मोजतात, 46.7 मैलावर अपर हॉक्सबिलचं पार्किंग आहे. तिथून जाऊन-येऊन दोन मैलांच्या किंचित वर, चढ साधारण पाचशे फूट.

"गाडीनं चढवलं तर त्याला चढ कसला म्हणायचं?" हा आजीचा शेरा. पण 'सर्वांत उंच' हे शब्द तिला लागू पडले असावेत. दुसऱ्या दिवशी तिनं बूट मागितले.

ओल्ड रॅगचा हिशेब मात्र मुलीला चुकता करायचाय. ती आणि बाबा नंतरच्या आठवड्यात जातील. तिथली वाट स्कायलाइन ड्राइव्हवरून नाही, पार्कच्या पूर्व हद्दीवरून सुरू होते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शिवाय 2022 पासून 1 मार्च ते 30 नोव्हेंबर या काळात त्या डोंगरासाठी आगाऊ तिकीट लागतं, पार्कच्या प्रवेशशुल्काखेरीज वेगळं. ते आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्यावं. तिथं फोनच्या रेंजचा भरवसा नाही. तिकिटाचं काम मुलीनं आमच्याकडून काढून घेतलं आहे. आमच्यावर विश्वास उरलेला नाही, असं तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

हॉक्सबिलला शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं. पानं रंगली की फाटकावर गाड्यांची रांग लागते, म्हणून. माणशी दोन बाटल्या पाणी, डोक्याला लावायचे दिवे चार, गोचिडांसाठी लांब मोजे. गुडघा कुरकुरलाच तर कोण आजीबरोबर मागं फिरणार, तेही ठरलंय. फक्त तिला सांगितलेलं नाही.

वर काही मिळत नाही हे ऐकून तिनं ज्वारीचं पीठ काढायला लावलं आहे. पिठलं-भाकरी घरून येणार.