बाईंचा हात

परवा लेक पुण्याहून आली. दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही! चार महिन्यांत ८४ वरून ७५ किलोवर. साखर वाढली होती म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलंय, त्याने भूकच लागत नाही म्हणे. मी कौतुक केलं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली. रात्री ओटा आवरताना तिने हळूच विचारलं, "आई, माझे पण हात तुझ्यासारखे होतील का गं?"

प्रश्न साधाच. पण लागला मला. खोटं कशाला बोलू?

त्याचं असं झालं. १९९९ साली मी ४८ वर्षांची होते आणि वजन ७८ किलो. तपासणीत साखर काठावर निघाली. माझ्या वडिलांचे शेवटचे दिवस मधुमेहाने कसे गेले ते पाहिलं होतं, त्यामुळे जी घाबरले ती जेवणावरच रुसले. सकाळी चहा, दुपारी एक भाकरी नि पालेभाजी, रात्री ताक. शिवाय सोमवार, गुरुवार, चतुर्थी. आणि रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालणं. सात महिन्यांत २० किलो उतरले. साखर जागेवर आली, शिक्षकखोलीत वाहवा झाली.

मग एके दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर समास लिहीत होते. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाईंचा हात टाळ्या वाजवतोय बघ!" आणि हसू फुटलं. मी ऐकलंच नाही असं दाखवून बहुव्रीहीचं उदाहरण पूर्ण केलं. मागे वळले नाही. डोळ्यांत पाणी होतं ना! त्याच संध्याकाळी टेलरकडे जाऊन सगळ्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत करायला टाकल्या. तेव्हापासून आजतागायत तशाच. लेकीला हा किस्सा मी कधी सांगितला नव्हता. तिला वाटायचं, आईला तशीच फॅशन आवडते.

माझं काय चुकलं ते कळायला २०१८ साल उजाडावं लागलं. अंगणात पडले, मनगट मोडलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीने माझा दंड चाचपला आणि म्हणाली, "आजी, इथे स्नायू उरलाच नाहीये." उपाशी राहून मी नुसती चरबी घालवली नव्हती, तिच्याबरोबर स्नायूही घालवले होते.

आता शिक्षकी सवयीप्रमाणे थोडं समजावून सांगते, कंटाळू नका! आपल्या त्वचेत कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. कोलॅजेनने बळकटी येते, इलॅस्टिनने ताणून पुन्हा जागेवर येण्याचा गुण. परकराचं इलॅस्टिक वर्षानुवर्षं ताणलेलं राहिलं की सैल पडतं ना, तसंच हे. त्यात बायकांची पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. ऊन आणि तंबाखू त्यात भर घालतात. म्हणजे विशीतली मुलगी आणि पन्नाशीतली बाई सारखंच वजन उतरवतील, पण कातडी सारखी आवळणार नाही. किती किलो उतरले, किती वर्षं जाड होतो, घराण्याची ठेवण कशी, यावरही ते असतं. लोंबलेली कातडी वर ओढेल असं क्रीम नाही. फार असेल तर शस्त्रक्रिया करतात, पण तिचे व्रण राहतात.

मग हातात काय उरतं? उशीचा अभ्रा आठवा. कापूस काढला की अभ्रा सैल पडणारच. पण आत थोडा घट्ट कापूस राहिला तर तो निदान चुरगळत नाही. तो घट्ट कापूस म्हणजे स्नायू.

म्हणून लेकीला म्हटलं, "थोडं सैल पडेल गं, ते टळणार नाही. पण माझ्याइतकं व्हायलाच हवं असं नाही." कारण जेवताना माझ्या लक्षात आलं होतं, तिने अर्धी पोळी खाल्ली आणि मटकीची उसळ तशीच ठेवून उठली. मी जे हट्टाने केलं तेच तिच्याकडून इंजेक्शन करवून घेतंय!

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो. वजन उतरवताना किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तिला ७५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं हं.) तिच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशोब केला तर जेमतेम ३० भरले. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. भूक थोडीच आहे तर आधी उसळ, अंडं, दही आणि मग पोळी, असं ठरलं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. आणि नुसतं चालणं नाही, आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलायचं. हे सगळं तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं, हेही.

मग बहुव्रीहीचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. माझा दंड हातात धरून बसून राहिली थोडा वेळ.

आता रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येतो. तिकडे ती डंबेल्स उचलते, इकडे मी पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या. ७४ व्या वर्षी माझी कातडी काही आवळणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण परवा भरलेला कुकर एका दमात खाली उतरवला, मनगट थरथरलं नाही.

आणि काल टेलरकडे गेले होते. म्हटलं, "या वेळी बाही अर्धीच ठेवा." त्यांनी दोनदा विचारून घेतलं. असो. साखर काबूत ठेवून या हाताने मला इथवर आणलंय, त्याला लपवून तरी किती दिवस ठेवायचं?