ठिपक्यासमोर ठिपका

अब्बांचा इंतकाल झाला त्याला आता दोन वर्षं होतील. अम्मी त्यांच्या आधीच गेली होती. मागे राहिली १० एकर जमीन, एक विहीर आणि जुना मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर. आम्ही तीन भावंडं. आपा सर्वांत मोठी, मग भाईजान, शेवटचा मी. शेती भाईजान पाहतात. मी बी.एड. करून शहरातल्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा दोन कामं होती. मृगाच्या आधी ट्रॅक्टरचं स्टीयरिंग नीट करायचं आणि हक्कसोडपत्रावर आपाची सही घ्यायची. कागद तयार होता. आपा "नाही" म्हणणार नव्हती. आमच्याकडे बहिणी म्हणत नाहीत.

स्टीयरिंग पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नव्हती. आम्ही पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली लाकडी ठोकळे लावले आणि चाकं काढली. स्पिंडलचे बुश इतके झिजले होते की फटीत नख जात होतं. ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट खुळखुळत होते. स्टीयरिंग बॉक्समधलं तेल पाणी शिरून ताकासारखं झालं होतं. तालुक्याहून नवे बुश, बेअरिंग, सील आणले. सगळे भाग डिझेलने धुऊन पोत्यावर मांडले.

या ट्रॅक्टरची एक गंमत आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना जोडलेली असतात. इथे तसा रॉड नाही. बॉक्सच्या दोन्ही बाजूंनी एकेक हात निघतो, डावा डाव्या चाकासाठी, उजवा उजव्यासाठी. बॉक्सच्या आत दातांची दोन अर्धचक्रं एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून एक हात पुढे गेला की दुसरा तेवढाच मागे येतो. हॅरी फर्ग्युसनच्या जुन्या ट्रॅक्टरांपासून ही रचना चालत आली. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेल्या छोट्या करड्या ट्रॅक्टरलाही तीच होती. फायदा असा की पिकाच्या ओळींप्रमाणे पुढच्या चाकांतलं अंतर कमीजास्त केलं तरी ड्रॅग लिंकला हात लावावा लागत नाही.

जोडणी मी केली. पुस्तकी माणसाची हौस! स्पिंडल बसवले, ग्रीस भरलं, कॉटर पिना घातल्या. मागच्या चाकापासून सुतळी ताणून पुढची चाकं सरळ केली. एक चाक जरा तिरकं दिसलं म्हणून त्या बाजूची ड्रॅग लिंक थोडी लांबवली. झालं सरळ. भाईजाननी ट्रॅक्टर बांधापर्यंत नेला, छान चालला. बांधावर वळवायला गेले तर डावीकडे पूर्ण वळला, उजवीकडे मध्येच अडला. पुढचं एक टायर माती खरवडत घसटत गेलं.

दोन दिवस आम्ही दोघं डोकं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी आपाचा फोन आला. सहज सांगितलं. ती लगेच म्हणाली, "टिपके कू टिपका मिलाया क्या रे? अब्बा वोच पैले देखते थे."

अब्बा रात्री ट्रॅक्टर खोलायचे तेव्हा कंदील धरून आपा उभी असायची. आम्ही दोघं झोपलेले असायचो.

बॉक्सची झाकणं पुन्हा उघडली. अर्धचक्रांच्या दातांवर बारीक ठिपके होते. धुताना माझ्या हाताखालून गेले असतील, मी पाहिले नव्हते. ठिपक्यासमोर ठिपका यायला हवा होता, तो एक दात पुढे बसला होता. ड्रॅग लिंक लांबवून मी ती चूक झाकली होती. सरळ चालताना ती कळत नव्हती. वळायची वेळ आली तेव्हा कळली.

सूरह निसामध्ये मुलाचा वाटा दोन मुलींच्या वाट्याइतका सांगितला आहे. दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे पाच हिस्से. १० एकरांत आपाचे दोन एकर. हे मला कालपरवा कळलेलं नाही. मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांवर मी इथे कितीदा लिहिलं आहे. शाळेत पोरींना शिका, बोला म्हणून सांगतो. आणि घरात "तिच्या लग्नात खर्च झालाच की", "माहेर तुटायला नको" असं म्हणत तो कागद मीच टाइप करून आणला होता.

रात्री जेवताना मी भाईजानना म्हणालो, "त्या कागदावर आपाची सही घ्यायची नाही. वारसनोंद तिघांची करू."

भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचंही खरं आहे. राबले ते, कर्ज फेडलं त्यांनी, मी सुट्टीत येणारा पाहुणा. शेवटी म्हणाले, "तुला पगार आहे, मास्तर. बोलायला सोपं आहे."

"मग माझ्या वाट्याचं तुम्ही कसा. पण तिचं तिला देऊ."

ते उठून गोठ्याकडे गेले. अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही. मृगाची पेरणी झाली, ट्रॅक्टर दोन्हीकडे सारखा वळतो आहे. हक्कसोडाचा कागद माझ्या बॅगेत आहे. तो मी परत नेणार नाही.