कंपनीची गाडी, बेताचं बजेट

कंपनीसाठी गाडी घेताना शोरूममधली किंमत हा हिशेबातला फक्त पहिला आकडा असतो. 4 मीटरपर्यंत लांबीच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे. पण त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट बहुतेक कंपन्यांना मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. रोजची धावपळ जास्त असेल, तर सीएनजी परवडते. मात्र आधी डिकी उघडून पाहावी. एकच मोठी टाकी आडवी बसवलेली असली, की मालाच्या नमुन्यांची खोकी मागच्या सीटवर येतात आणि तिथे अंग चोरून बसणाऱ्या माणसाचे हाल होतात. दिवसभर गाडीत तोच असतो. त्याचा विचार आधी व्हायला हवा. तळाशी दोन छोट्या टाक्या असलेली गाडी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.